व्हरांड्यातली मतं

‘तुम्ही पुण्याचं काम करता हो मॅडम,’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. पहिले सटकत नव्हतं. नोकरीला नवी लागले तेव्हा मीसुद्धा मान खाली घालून हसायचे, जसा काही कोणी गळ्यात हार घातला. वीसेक वर्षं हे वाक्य ऐकल्यावर माणूस ते नेमकं केव्हा बोलतो, हे मला पाठ झालंय. काही द्यायचं नसलं की बोलतो. रजा मागा, पुण्य. बसायला टेबल मागा, पुण्य. लेकराच्या कुबड्या कधी येतील विचारा, तरी पुण्यच. अरे बाप्पा, एवढं पुण्य साचलं असेल तर थोडं तुम्ही घ्या आणि मला टेबल द्या.

मी विशेष शिक्षिका आहे. ज्या लेकराला ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत, ज्याला एक अक्षर शिकायला दुसऱ्यांपेक्षा चौपट वेळ लागतो, अशा लेकरांना शिकवणारी. मला एक शाळा नाही. मेहकर तालुक्यातली बरीच गावं माझ्याकडे आहेत आणि त्या गावांतून मी फिरते. एसटीनं, काळीपिवळीनं, नाहीतर एखाद्या सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून. काही लेकरं शाळेत येतात. जी येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी मी जाते. नोकरी कंत्राटी आहे. करार वर्षाचा आणि कंबरदुखी कायमची.

जानेफळला अशीच एक पोरगी आहे. बाप गाद्या भरतो, आई घर सांभाळून त्याला हातभार लावते. पोरीचे पाय जन्मापासून आखडलेले. बोलत नाही, पण समजतं सगळं. मी दारात दिसले की पहिले डोळे हसतात, मग सगळा चेहरा. आठवड्यातून एकदा मी तिच्याकडे जायचे आणि बापानं तिच्यासाठी मुद्दाम कडक भरलेल्या गादीवर तिला घेऊन पायांचा व्यायाम करायचे. घाई करून चालत नाही. गाणं म्हणत, तिला हसवत, एकेक गुडघा उलगडायचा. दोन-अडीच वर्षांच्या खटपटीनंतर ती भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसायला लागली होती. पाय लांब झाले म्हणून मांडीवर पाटी ठेवता आली, आणि पाटी आली म्हणून पोरीनं पहिली आडवी रेघ ओढली. तिच्या आईनं ती पाटी पुसू दिली नाही.

मागच्या दिवाळीनंतर आम्हा सगळ्या विशेष शिक्षकांना तालुक्याच्या कार्यालयात बोलावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. कोणत्या शाळेत नळ किती, संडास किती, पंखे किती, त्यातले फिरतात किती. ही माहिती भरायला माणूस नव्हता म्हणे. आम्ही होतो ना! आमच्या फिरण्याला काय, ते झालं काय आणि नाही झालं काय, कोण विचारतं? ‘चार दिवसांचं काम आहे’ म्हणून सांगितलं आणि दोन महिने बसवून ठेवलं. मी तिथल्या साहेबांना दोनदा म्हटलं, माझी लेकरं आहेत हो गावात. ते म्हणाले, ‘पुण्याचं काम नंतरही होते मॅडम.’

दोन महिन्यांनी जानेफळला गेले. पोरगी कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी. हात लावला की कळवळत होती. आईनं तिच्या परीनं रोज करून पाहिलं होतं, पण पोरीचं रडणं तिला सहन होत नव्हतं. ती माझ्याकडे बघून एवढंच बोलली, ‘काऊन नाई आल्या मॅडम?’

काय सांगू तिला? मी पंखे मोजत होते बाई, फिरणारे आणि न फिरणारे, असं सांगू? परतीच्या एसटीत माझे दात एकमेकांवर एवढे आवळले गेले होते की शेजारच्या आजीनं विचारलं, ‘दाढ दुखून राह्यली का व?’

आमची एक जिल्हा संघटना आहे, शिक्षकांची. नाव घेत नाही. आम्ही विशेष शिक्षकही तिचे सभासद आहोत. वर्गणी देणारे, मताचा हक्क असलेले, पुरते सभासद. या संघटनेचा सचिव दर महिन्याला शिक्षण खात्याच्या जिल्ह्यातल्या मोठ्या साहेबांसमोर बसतो आणि शिक्षकांचे प्रश्न मांडतो. तो जो प्रश्न मांडतो तो जिल्ह्यात असतो आणि जो मांडत नाही तो नसतोच, इतकं साधं आहे ते. मी त्या वेळच्या सचिवांना गाठलं. विशेष शिक्षकांना दुसऱ्या कामाला जुंपू नका, एवढंच मांडा म्हटलं. ‘मांडतो ना ताई.’ पुढच्या महिन्यात विचारलं तर वेळ पुरला नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यात साहेबांचा मूड नव्हता. तिसऱ्या खेपेला ते मला पाहून स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले. तिथं मी ठरवलं की आता मीच सचिव होते. येणाऱ्या अधिवेशनात निवडणूक होतीच.

निवडणूक म्हणते मी, पण आमच्याकडे ती कशी होते हे सांगायला पाहिजे. अधिवेशनाच्या आधी संघटनेचे अध्यक्ष आपल्या वावरात रोडग्याचं जेवण ठेवतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, वांग्याची भाजी, वरण. रोडगे करायचे पुरुषांनी, हा आमच्याकडचा रिवाज. घरी ज्यांनी चहाचं पातेलं उचललं नाही ते इथं पँटी दुमडून पीठ मळतात. त्या धुरात बसून कोण अध्यक्ष, कोण सचिव हे ठरतं आणि अधिवेशनात ते फक्त वाचून दाखवतात, हात वर होतात, झालं. बाया तिथं जात नाहीत. जाऊ नका असं कोणी म्हणत नाही, या असंही म्हणत नाही.

मी गेले. मेहकरहून एका सहकारी शिक्षिकेला स्कूटीवर मागे बसवून थेट बांधापर्यंत गेले. आम्हाला पाहून गप्पा अशा थांबल्या जशी काही धाड पडली.

अध्यक्ष एका हायस्कूलचे हेडमास्तर. माणूस गोड, इतका गोड की तुम्हाला नाही म्हटलंय हे तुम्हाला घरी पोचल्यावर कळतं. ‘या ताई, या! बरं झालं आल्या! अरे, ताईंले खुर्ची द्या बे!’ सगळे गडी सतरंजीवर आणि मला एकटीला प्लॅस्टिकची खुर्ची, लांब कडुनिंबाखाली. मी खुर्ची उचलून सतरंजीच्या काठाला आणून ठेवली आणि तिच्यावर पर्स ठेवून खाली बसले.

‘सर, मी सचिवपदाला उभी राहून राह्यली,’ मी सांगितलं.

कोणीतरी खोकलं. धुरानं असेल. अध्यक्षांनी रोडगा उलटा केला, हात झटकले. ‘ताई, तुम्ही महिला आघाडी घ्या ना. प्रमुख करतो तुम्हाले. ते पद तुमच्यासाठीच ठेवलं आहे.’

‘महिला आघाडीले साहेबासमोर खुर्ची असते काय?’

‘खुर्ची म्हणजे... महिला दिनाचा कार्यक्रम असते, हळदीकुंकू असते. आणि तुम्ही इकडं अडकल्या तर आपलं स्वागतगीत कोन बसवीन? तुमच्या लेकरायचं स्वागतगीत म्हणजे अधिवेशनाची शान आहे ताई!’

शान! डोळ्यांनी न दिसणारी पोरं पेटी वाजवतात, ऐकू न येणाऱ्या पोरी नाचतात, आणि हे पहिल्या रांगेत बसून रुमाल काढतात. वर्षानुवर्षं चाललंय. मी विचारलं, सचिव कोण ठरला आहे? सगळ्यांनी आराकडे पाहिलं. तिथं एक गणिताचे सर फुंकर मारत बसले होते. ते लाजून म्हणाले, ‘मले काई हौस नाई ताई. सर म्हनतात म्हनून.’ अध्यक्ष लगेच मदतीला धावले. ‘असं आहे ताई, तुमचं काम मायेचं. साहेबासमोर भांडाव लागते.’

‘मले भांडता येत नाई, हे तुमाले कोन सांगतलं?’

सगळे हसले. माझ्या मैत्रिणीनं माझा पदर ओढला. अध्यक्षही हसले आणि मग आवाज खाली आणून, समजूत काढल्यासारखं म्हणाले, ‘आपल्या संघटनेची निवड बिनविरोध होते. परंपरा आहे. तुमच्यासारख्या सेवाभावी बाईनं ती मोडावी, हे बरं दिसते का?’

तळपायाची आग मस्तकात गेली. पण जेवून मात्र उठले. वांग्याची भाजी फक्कड झाली होती, आणि रोडग्यावर राग काढायचं काही कारण नव्हतं.

घरी आल्यावर मी जिल्हाभर फोन लावले. आम्ही काही थोडेथोडके नाही. गावोगाव फिरणारे आहेत, अशा लेकरांच्या निवासी शाळांत शिकवणारे आहेत. आपण सगळ्यांनी मिळून हात वर केले आणि बाकीच्या शिक्षकांतल्या थोड्यांनी साथ दिली, तर सचिवपद आपलं. हात वर करून मतदान, एवढी एक गोष्ट संघटनेच्या घटनेत नीट लिहिलेली आहे. मग एका रविवारी खामगावला एका धाकट्या सहकारी मुलीच्या घरी आम्ही जमलो. ही मुलगी एका निवासी शाळेत शिकवते. वयानं मला लेकीसारखी, अंगानं काडी, पण आडदांड पोरंही तिचं ऐकतात. चहा पिता पिता मी सहज विचारलं, मागच्या निवडीच्या वेळी तुम्ही हात वर केला होता का?

‘मी? मी तर लेकरं जेवू घालत होती ताई.’

‘मी संडासले घेऊन गेल्ती.’

‘मी त्यांचे नाचाचे कपडे बदलून राह्यली होती.’

एकेक जण सांगत गेली आणि पहिले आम्ही हसलो. मग हसू थांबलं. त्याच्या आधीच्या वेळी? तेव्हाही तेच. आमच्यापैकी एकीनंसुद्धा आजपर्यंत कधी मत दिलं नव्हतं, आणि ते आमच्या ध्यानातही आलं नव्हतं! सकाळी लेकरांचं स्वागतगीत, दुपारी लेकरांचा नाच. नाच संपला की अध्यक्ष माईकवरून म्हणणार, लेकरं भुकेली असतील, पहिले लेकरांना जेवू घाला. आम्ही उठणार, लेकरं घेऊन बाहेर जाणार, आणि आत नवी कार्यकारिणी जाहीर होणार. टाळ्या आम्हाला बाहेर ऐकू यायच्या. आम्हाला वाटायचं, भाषण झालं कोणाचं तरी.

‘मुद्दाम करतात का हो ताई?’ त्या धाकटीनं विचारलं.

‘मुद्दाम करत असतीन तर हरामखोर आहेत आणि सवयीनं करत असतीन तर त्याच्याहून बेकार,’ मी म्हटलं.

तेव्हाच ठरलं. या वर्षी लेकरं न्यायची नाहीत. स्वागतगीत गायला एवढे मोठे पाचशे घसे आहेत, गा म्हणावं. आणि मतदान होईपर्यंत आपल्यातलं कोणी सभागृहातून उठणार नाही. धाकटी म्हणाली, मी आमच्या संस्थेत सांगते. तिचा आवाज थोडा बारीक झाला होता, पण सांगते म्हणाली.

अधिवेशन खामगावलाच होतं, एका मंगल कार्यालयात. सभागृह मोठं, एका बाजूला लांब व्हरांडा, मध्ये बुटक्या कट्ट्याच्या, गजाच्या खिडक्या. मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. आमचे बरेच लोक आले होते, पुढे एकगठ्ठा बसले होते, आणि मला खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. तेवढ्यात फाटकातून निवासी शाळेची गाडी आत आली.

धाकटी उतरली. मागे लेकरं, चमचमत्या कपड्यांत, गालांना लाली लावलेली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘ताई, संस्थेतून फोन आला सकाळी. पत्रिकेवर कार्यक्रम छापला आहे म्हणे. लेकरं नाही नेली तर उद्यापासून तुम्हीही येऊ नका म्हणे.’ मागून आणखी एक गाडी आली, दुसऱ्या शाळेची. तिथंही तोच फोन गेला होता.

मी तिला काय बोलणार? कंत्राटी माणसाचा गळा कुठं धरायचा, हे या लोकांना बरोबर ठाऊक आहे. अध्यक्ष स्वतः पायऱ्या उतरून लेकरांच्या स्वागताला आले. एका पोराच्या डोक्यावर हात फिरवला, फोटो काढला आणि मला म्हणाले, ‘बघा ताई, लेकरांवाचून करमत नाई आपल्याले.’

नाच झाला. ऐकू न येणाऱ्या पोरी स्टेजवर, आणि धाकटी स्टेजखाली, प्रेक्षकांकडे पाठ करून, हातांनी त्यांना ताल दाखवत होती. पोरी एका ठेक्यात फिरल्या, सभागृह भारावलं, रुमाल निघाले. अध्यक्ष माईकवर गहिवरले. ‘ही देवाची लेकरं आणि ह्या त्यांच्या माउल्या!’ मग, जसं काही आत्ताच सुचलं, ‘लेकरं भुकेली असतील. पहिले लेकरांना जेवू घाला!’

आणि आमचे सगळे उठले. मी बघत राहिले. नाही उठायचं, असं ठरलेलं होतं, पण उठणार नाहीत तर काय करतील? लेकरांना भूक लागली होती, ते काही खोटं नव्हतं.

व्हरांड्यात पंगत बसली. वरण-भात, पुरी, बुंदी. ज्यांना स्वतः खाता येतं ती खायला लागली, बाकीच्यांना भरवायचं. मी पाठोपाठ गेले. ‘पाच मिनिटं आत या सगळ्या. मतदान झालं की परत येजा.’ धाकटीच्या मांडीला टेकून एक मोठं पोरगं बसलं होतं. त्याचा जबडा आवळलेला, मान एका बाजूला जाणारी. डाव्या हातानं त्याची मान सावरून ती उजव्या हातानं भात भरवत होती. ती म्हणाली, ‘कशी येऊ ताई? घास गिळून झाल्याशिवाय याले सोडता येत नाई.’

खरंच येत नाही. घास श्वासनळीत गेला तर लेकरू जातं. हे तिला कळतं, मला कळतं. मी दारात उभ्या असलेल्या दोन तरुण शिक्षकांना म्हटलं, जरा भरवता का, थोडा वेळ? ते दोघे मागे सरकले. ‘आमाले नाई जमत मॅडम. काई झालं म्हंजे?’ तेवढं मात्र त्यांना बरोबर कळत होतं!

आत माईकवर विषय पुकारला गेला: नूतन कार्यकारिणीची निवड. मी धावत आत गेले. ‘सर, थोडं थांबा. आमचे लोक लेकरं भरवून राह्यले.’

‘हॉल खाली कराव लागते ताई. संध्याकाळी लग्न आहे इथं.’

‘मग मीबी उभी आहे म्हणून वाचा. बिनविरोध नाई.’

मोजायला शिक्षण खात्यातले एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख बसवले होते. त्यांनी चष्मा पुसला. पहिलं नाव गणिताच्या सरांचं. हात वर झाले, त्यांनी मोजले. मग माझं नाव. आतून हात वर झाले. वाटलं होतं त्याहून बरेच जास्त, मागच्या रांगांतूनसुद्धा, एकदोन तर रोडगे खाणाऱ्यांतलेच. पण पुरेसे नव्हते. मी खिडकीशी गेले आणि जीव तोडून ओरडले, ‘हात वर करा! जिथं बसल्या तिथूनच करा!’

उजवे हात घासांत अडकलेले होते. म्हणून डावे वर झाले. धाकटीनं पोराची मान स्वतःच्या खांद्याला टेकवून डावा हात मोकळा केला आणि वर नेला. गजांच्या पलीकडे व्हरांडाभर हात, आणि आमचे हात पाहून काही लेकरांनीही आपले हात वर केले, बाई करतात म्हणून.

‘लेकरंबी मतदान करून राह्यले काय बे?’ मागून कोणीतरी ओरडलं आणि सभागृह फुटलं हसून. दुसरा म्हणाला, ‘डाव्या हातानं मत देते का कोनी?’

‘लेकरं सोडून मोजा,’ मी केंद्रप्रमुखांना म्हटलं. ‘मोठे हात मोजा. दिसतात ना तुम्हाला?’

त्यांना दिसत होते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे पाहिलं. ‘ताई, सभागृहात उपस्थित असलेल्यांचंच मत धरता येते. ते व्हरांड्यात आहेत.’

मी माईक घेतला. घेतला म्हणजे अध्यक्षांच्या हातातून काढला. ‘ही लेकरं इथं कोणी आणली? संघटनेनं. त्यांना जेवू घाला असं माईकवरून कोणी सांगितलं? अध्यक्षांनी. मग त्या बाहेर बसलेल्या बाया कोणाच्या कामावर आहेत? माझ्या घरच्या लग्नात वाढून राह्यल्या काय त्या? संघटनेच्या कामावर आहेत. आणि संघटनेच्या कामावर असलेला माणूस संघटनेत उपस्थित नसतो, असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा!’

मला वाटलं, आता मोजतात. आत आणि बाहेरचे मिळून माझे हात जास्त होते. ते मला दिसत होतं, केंद्रप्रमुखांना दिसत होतं, अध्यक्षांना तर सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. ते पुढे आले, माझ्या खांद्याजवळ हात नेऊन, पण न टेकवता, मायेनं म्हणाले, ‘ताई, भावनिक होऊ नका.’ आणि माईक बंद झाला. कोणी केला, माहीत नाही.

गणिताचे सर सचिव झाले. हार आले, टाळ्या झाल्या. माईक पुन्हा सुरू झाला आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की ताईंनी खिलाडूवृत्तीनं निवडणुकीत भाग घेतला, म्हणून त्यांचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. शाल तयारच होती, घडी घातलेली. म्हणजे मी हरणार हे धरूनच ती आणली होती! मी स्टेजवर गेले. ते शाल उलगडून माझ्या खांद्यावर टाकायला लागले, तशी मी ती त्यांच्या हातात परत दिली.

‘मला शाल नको सर. जानेफळच्या पोरीचे गुडघे पुन्हा पोटाशी गेले आहेत. मला साहेबांसमोरची खुर्ची पाहिजे होती.’

कोणत्या पोरीचे गुडघे, कसले गुडघे, त्यांना काही कळलं नाही. ते पुढच्या विषयाकडे वळले. मी स्टेजवरून उतरले, रांगांमधून चालत बाहेर आले.

व्हरांड्यात आतला माईक नीट ऐकू येत नाही. ज्यांची लेकरं जेवून झाली होती त्या उष्टं काढत होत्या. धाकटी अजून तिथंच होती. पोराच्या तोंडात घास होता, तो सावकाश चावत होता, आणि तिची नजर त्याच्या गळ्यावर होती, गिळतो का ते बघत. तिचा डावा हात अजून वर होता. दुखायला लागला म्हणून तिनं कोपर खिडकीच्या कट्ट्याला टेकवलं होतं, पण हात खाली घेतला नव्हता. तिच्या पलीकडच्या दोघी-तिघींचेही तसेच वर होते. खाली घ्या असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पोरानं घास गिळला. तेव्हा तिनं मान वर केली.

‘झालं का ताई मोजून?’ तिनं विचारलं. ‘आता घेऊ का खाली?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘राहू दे तसाच.’ आणि त्या केंद्रप्रमुखांना मनगटाला धरून बाहेर आणायला मी पुन्हा आत गेले.